जीपमध्ये मावणारी घडीची खाट : कापड, नळी आणि शिवण यांचा हिशेब

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. या काळात बाजाराच्या गावी रात्र झाली म्हणून गाडीतच पाठ टेकण्याची वेळ आमच्यावर किती वेळा आली, याची मोजदाद नाही. पुढची सीट मागे पाडून झोपावे तर सकाळी मान धरते आणि मागच्या बाकावर झोपावे तर पाय दुमडून घ्यावे लागतात. कपड्याच्या गाठींवर झोपण्याचाही तजुर्बा आम्ही घेतलेला आहे. त्यामुळे जीप, बोलेरो, जिप्सी अशा गाड्यांत बसेल, वजनाला हलकी असेल आणि सकाळी घडी करून बाजूला ठेवता येईल अशी खाट असावी, हा विचार आमच्या मनात फार जुना होता.

अलीकडे हीच गरज दुसऱ्या मंडळींना लागली आहे. लडाख, स्पिती, कच्छचे रण किंवा सह्याद्रीचे घाट फिरणारे तरुण हॉटेलात न उतरता गाडीतच मुक्काम करतात. त्यांना अशी खाट हवी असते आणि त्यासाठी ते पैसेही मोजतात. आमच्या समाजात ताडपत्री शिवणारे, तंबू-मंडपाचे काम करणारे, सीटकव्हर बनविणारे आणि फॅब्रिकेशनची दुकाने चालविणारे कारीगर पुष्कळ आहेत. प्लास्टिकच्या तयार ताडपत्रीने त्यांतल्या अनेकांचे काम हिरावून घेतले. ही खाट त्यांच्या हातचे काम आहे. मात्र ती दिसते तितकी सोपी नाही. हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. म्हणूनच हा लेख लिहीत आहोत.

आमची पहिली चूक

२०१९ च्या हिवाळ्यात नाशिककडील एका गिऱ्हाईकाने आमच्याकडे १२ खाटांची मागणी केली. कापड आमचे होते, शिवण आमच्याच माणसांची होती आणि नळ्या बाजारातून आणल्या. पडद्यासाठी वापरतात तसली एक इंच जाडीची पातळ अ‍ॅल्युमिनियमची नळी आम्ही घेतली, कारण ती हलकी होती आणि स्वस्तही होती. खाटेला डोक्याकडे एक आणि पायाकडे एक असे दोनच आधार दिले. कापड ढोलासारखे घट्ट ताणले. माल दिसायला इतका सुंदर झाला की आम्ही स्वतःच खूश झालो.

दोन महिन्यांत तीन खाटा परत आल्या. दोन खाटांच्या नळ्या मध्ये वाकल्या होत्या आणि तिसरीची शिवण एका रात्रीत वीतभर उसवली होती. तिच्यावर झोपलेला तरुण खाली सीटच्या लोखंडी कडीवर पडला आणि त्याच्या बरगड्यांना मार लागला. जीवावरचे थोडक्यात टळले. आम्ही बाराही खाटा परत घेतल्या आणि पैसे फिरवले. पैशाचे दुःख नव्हते. आमच्या नावाच्या मालावर कुणी विश्वासाने झोपला आणि पडला, ही गोष्ट मनाला लागली.

परत आलेली खाट आम्ही आमच्या जुन्या ताडपत्री शिवणाऱ्या उस्तादांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, "सेठ, कापड फाटलेले नाही. कापड तर अजून नवे आहे. तुम्ही ताणले जास्त आणि शिवले कमी." या एका वाक्यात सगळा हिशेब आला होता. तो आता फोडून सांगतो.

झोळ आणि ताण

कपडे वाळत घालण्याची दोरी सर्वांनी पाहिली आहे. दोरी थोडी सैल असेल तर ओल्या कपड्यांच्या वजनाने ती खाली झोळते, पण खुंट्या शाबूत राहतात. तीच दोरी अगदी ताठ बांधली आणि तेवढेच कपडे टाकले तर खुंटी उपटून येते. वजन तेच असले तरी झोळ कमी झाला की ओढ वाढते. खाटेच्या कापडाचेही तसेच आहे.

आकड्यांत पाहू. ७५ किलोचा माणूस ६ फुटांच्या, म्हणजे सुमारे १.८ मीटरच्या खाटेवर निजला, तर लांबीच्या प्रत्येक मीटरवर साधारण ४२ किलो भार येतो. दोन नळ्यांमधले अंतर ६८ सेंटिमीटर धरा. कापडाला मध्ये ७ सेंटिमीटर झोळ असेल तर प्रत्येक बाजूच्या शिवणीवर मीटरमागे सुमारे ५१ किलोची आडवी ओढ बसते. झोळ निम्मा केला, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर ठेवला, तर हीच ओढ दुप्पट होऊन १०२ किलोवर जाते. आमच्या पहिल्या खाटांचे हेच झाले. ताठ कापड पाहून आम्ही खूश झालो आणि शिवणीवर व नळीवर दुप्पट बोजा टाकून बसलो.

त्यात माणूस काही सतत आडवा राहत नाही. तो आधी खाटेवर बसतो, तेव्हा सारे वजन दीड फुटावर येते. म्हणून खाट नेहमी बसण्याच्या भाराला पुरेल अशी बनवावी. झोपणे त्यात आपोआप आले.

याचा अर्थ कापड ढिले सोडावे असा नाही. फार झोळ झाला तर कंबर दुखते. हाताने दाबल्यावर कापड तीन-चार बोटे खाली जावे, इतका ताण पुरे.

कापड कोणते आणि कसे कापावे

या कामाला सुती डक किंवा कॅनव्हास चांगला. बाजारात तो औंसावर विकला जातो. १२ औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४०० ग्रॅम, १४ औंस म्हणजे सुमारे ४७५ ग्रॅम आणि १८ औंस म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम. खाटेला १४ ते १८ औंसांच्या दरम्यानचे कापड घ्यावे. पूर्ण खाटेला दीड चौरस मीटरच्या आसपास कापड लागते, त्यामुळे १२ ऐवजी १८ औंस घेतले तरी वजन फार तर ३०० ग्रॅमने वाढते. येथे बचत करण्यात काही अर्थ नाही.

सुताचा एक गुण असा की ओले झाल्यावर ते दुबळे होत नाही, उलट थोडे मजबूत होते. व्हिस्कोसचे उलट आहे. ते ओले झाले की निम्मी ताकद गमावते. म्हणून मिलावटीचे कापड घेताना विचारून घ्यावे. सुताचा दोष असा की ओलसर असताना घडी करून ठेवले तर बुरशी धरते आणि कापड कुजते. पॉलिएस्टर कुजत नाही, पण अंगाखाली घाम धरते. नायलॉन मजबूत असले तरी उन्हात खराब होते आणि ओल लागली की सैल पडते. आमची पसंती सुती कापडाला आणि पॉलिएस्टरच्या दोऱ्याला आहे. कापड सुती आणि दोराही सुती ठेवला तर बुरशी आधी दोरा खाते.

कापण्यापूर्वी कापड पाण्यात भिजवून, वाळवून घ्यावे. कोऱ्या कापडात मागावरचा ताण शिल्लक असतो. न भिजवता शिवले तर पहिल्याच पावसात ते आटते आणि मघाशी सांगितलेली ओढ आपोआप वाढते.

आता ताण्या-बाण्याची गोष्ट. खाटेची खरी ओढ आडवी, म्हणजे एका नळीपासून दुसऱ्या नळीपर्यंत असते. डकमध्ये साधारणपणे ताणा बाण्यापेक्षा मजबूत असतो. म्हणून ताण्याचे सूत खाटेच्या रुंदीत यावे. ७२ इंच पन्ह्याचे कापड मिळाले तर हे फार सोपे होते. कापडाचा पन्हा हीच खाटेची लांबी होते आणि थानातून फक्त ३२ इंचांचा तुकडा कापावा लागतो. भिजवल्यामुळे पन्हा इंच-दोन इंच कमी झाला तरी बिघडत नाही. डोक्याकडे आणि पायाकडे कापडाची किनारच येते, तेथे मुडपण्याचीही गरज पडत नाही आणि मध्ये जोड येत नाही. लहान पन्ह्याचे दोन तुकडे जोडून खाट करू नये.

नेफा, नवार आणि अदवान

खाटेच्या एका बाजूला नेफा ठेवावा, जसा सलवारीला असतो. त्यात नाड्याऐवजी नळी जाते. सव्वा इंची नळीचा घेर सुमारे ४ इंच भरतो, म्हणून सपाट मोजल्यास सव्वादोन इंचांचा नेफा लागतो. तंग ठेवला तर अंधारात नळी आत जात नाही.

नेफ्याला एक शिवण कधीही पुरत नाही. पाव इंचाच्या अंतराने तीन समांतर शिवणी घालाव्यात आणि दोन्ही टोकांना उलटे टाके घेऊन पक्के करावे. टाका इंचाला पाच ते सहा असावा. जास्त टाके म्हणजे जास्त मजबुती, हा गैरसमज आहे. जाड सुईने फार जवळजवळ भोके पाडली तर कापड पोस्टाच्या तिकिटासारखे रेघेवर फाटते. आमची उसवलेली खाट नेमकी अशीच होती. एकच शिवण आणि तीही इंचाला दहा टाक्यांची. घरगुती मशीन या कामाला चालत नाही. चामड्याच्या बॅगा किंवा सीटकव्हर शिवण्याचे मशीन आणि २१ किंवा २३ नंबरची सुई हवी.

दुसऱ्या बाजूला नेफा न ठेवता दोरीची गुंफण ठेवावी. जुन्या खाटेच्या पायथ्याशी ताण देणारी दोरी असते. आमच्या घरात तिला अदवान म्हणत. खाट ढिली झाली की अब्बाजान ती सोडून पुन्हा ओढत आणि खाट नव्यासारखी होई. हीच युक्ती येथे वापरावी. कापडाची कड नळीच्या दोन इंच अलीकडे थांबवावी, तिला दुहेरी मुडपून आतून नवारीची पट्टी शिवावी आणि दर तीन इंचांवर पितळी रिंग ठोकावी. मग दोरी रिंगेतून नळीभोवती, पुन्हा पुढच्या रिंगेत, अशी गुंफत न्यावी. माणूस बसला असता एका रिंगेवर साधारण १५ किलो ओढ येते. नवार असेल तर रिंग ती सहज सोसते. नुसत्या कापडावर ठोकलेली रिंग थोड्याच दिवसांत निसटते.

या गुंफणीमुळे प्रत्येक गिऱ्हाईकाला आपल्या वजनाप्रमाणे ताण कमी-जास्त करता येतो. कापड पुढेमागे सैल झाले तरी खाट फेकावी लागत नाही.

नळी आणि घोडी

अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे एकतृतीयांश वजनाचे असते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तेवढ्याच मापाची अ‍ॅल्युमिनियमची नळी लोखंडाच्या मानाने जवळजवळ तिप्पट वाकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. उपाय असा की नळी थोडी मोठ्या घेराची घ्यावी. नळीची जाडी तीच ठेवून व्यास वाढवला तर ताठपणा झपाट्याने वाढतो. व्यास दुप्पट केला तर ताठपणा सुमारे आठपट होतो आणि वजन मात्र जेमतेम दुप्पट. म्हणून बाजूच्या दोन दांड्यांना ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची नळी घ्यावी. ती मीटरला सुमारे अर्धा किलो भरते. १२ फुटांचा एक नग घेतला तर त्यात तीन-तीन फुटांचे चार तुकडे होतात. एका खाटेला एक नग पुरतो आणि काही वाया जात नाही.

तीन फुटांचे दोन तुकडे जोडण्यासाठी आत घट्ट बसणारी ९ इंचांची जोडनळी घालावी. ती एका तुकड्यात रिबिटने पक्की करावी आणि दुसऱ्या तुकड्यात सरकती ठेवावी. हा जोड मधल्या आधारावरच आला पाहिजे. आधारांच्या मधोमध जोड आला तर खाट तेथेच मोडणार.

आधार तीन हवेत : डोक्याकडे, मध्ये आणि पायाकडे. त्यांना घोडी म्हणू. प्रत्येक घोडीला एक आडवी चौकोनी नळी, २५ बाय २५ मिलिमीटर, आणि दोन पाय. आडव्या नळीच्या दोन्ही टोकांना इंग्रजी यू अक्षरासारखी खोबण बसवावी; तिच्यात बाजूचा दांडा वरून बसतो. कापडाची ओढ दांड्यांना आत खेचते, म्हणून खोबणीची आतली भिंत उंच आणि मजबूत ठेवावी. घोडीची आडवी नळी ही ओढ आपल्या अंगावर घेते. नेफ्याच्या बाजूला घोडीच्या जागी कापडाला तीन खाचा द्याव्यात आणि खाचेच्या कडा नवारीने मढवाव्यात.

पाय बोल्टवर दुमडणारे ठेवावेत आणि तळाशी फिरकीचा रबरी बूट द्यावा. गाडीतली जमीन सपाट नसते. दुमडलेल्या सीटची पायरी असते, चाकावरचा उंचवटा असतो. म्हणून प्रत्येक घोडीची उंची वेगळी निघू शकते. अ‍ॅल्युमिनियमला शक्यतो वेल्डिंग करू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळ नळीची ताकद बरीच उतरते. कोनपट्टी लावून बोल्ट किंवा रिबिट करावे. कोकणातल्या दमट हवेत लोखंडी बोल्टजवळ अ‍ॅल्युमिनियम खाऊन जाते, म्हणून स्टेनलेसचे बोल्ट आणि प्लास्टिकचे वॉशर वापरावेत.

अशी सोडवता येणारी, खिळा-सरस नसलेली बांधणी आपल्या देशात नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुडकी येथील लष्करी इंजिनिअरांच्या छावणीत याच तत्त्वावर एक खुर्ची तयार झाली. तिचे लाकडी भाग भोकांत नुसते बसवलेले असत, बैठक कॅनव्हासची असे आणि माणूस बसला की त्याच्या वजनानेच सांधे घट्ट होत. जमीन वाकडी असली तरी ती चारही पायांवर टेकत असे. रुडकी खुर्ची या नावाने तिची नक्कल आजही जगभर होते.

वजन आणि घडी

दांडे आणि जोडनळ्या मिळून दोन किलो, तीन घोड्या पावणेदोन ते दोन किलो, बोल्ट, खोबणी आणि बूट अर्धा-पाऊण किलो आणि कापड, नवार, दोरी मिळून एक-सव्वा किलो. सगळी खाट सहा किलोच्या आत येते. याच मापाची खाट लोखंडी चौकट आणि १२ मिलिमीटर प्लायवूडची केली तर एकटे प्लायवूड दहा किलोच्या आसपास आणि चौकट धरून २० किलो होते. गाडीत एवढे वजन रोज उचलणे-ठेवणे कुणाला नको असते.

घडी करताना घोड्या आणि नळ्यांचे चार तुकडे कापडात गुंडाळून तीन फुटांच्या थैलीत घालावेत. थैली त्याच कापडाच्या कातरणीची शिवता येते.

गाडीचे माप

गिऱ्हाईकाने सांगितलेल्या मापावर काम करू नये. आतल्या दोन्ही चाकांच्या उंचवट्यांमधले अंतर, पुढच्या सीटच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंतची लांबी (पुढची सीट पुढे सरकवून) आणि छताची उंची, ही तीन मापे स्वतः घ्यावीत. पुठ्ठ्याचा नमुना कापून गाडीत ठेवून पाहिला तर आणखी चांगले. माणूस खाटेवर उठून बसला असता डोके छताला लागू नये. जागा कमी असेल तर पाय आखूड करावेत, पण झोळ पकडून खाली किमान चार इंच मोकळे राहावेत, नाहीतर पाठ सीटच्या कड्यांना लागते.

गाडीची सीट कापून किंवा बॉडीला वेल्डिंग करून खाट बसवू नये. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने आहेत. आपली खाट सामानासारखी ठेवता-काढता येणारीच असावी.

सावधगिरी

चालत्या गाडीत खाट मोकळी ठेवू नये. अचानक ब्रेक लागला तर सहा किलोची थैली मागून डोक्यावर येऊन आदळते. ती पट्ट्याने सीटच्या पायाशी बांधावी. रात्री इंजिन चालू ठेवून, बंद गाडीत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवून कधीही झोपू नये; त्याच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. दोन खिडक्या दोन-दोन बोटे उघड्या ठेवाव्यात.

थंड मुलुखात जाणाऱ्या गिऱ्हाईकाला एक गोष्ट आवर्जून सांगावी. लोंबत्या कापडाच्या खाटेला खालून हवा लागते. आपल्या मे महिन्यात हे सुख आहे, पण स्पितीत तीच हवा हाडे गोठवते. तेथे अंगावर जेवढे पांघरूण, तेवढेच अंगाखालीही हवे. जाड सतरंजी किंवा फोमची चटई खाटेबरोबरच विकली तर गिऱ्हाईकाची सोय होते आणि आपलाही फायदा होतो.

माल देण्यापूर्वी

आता आमच्याकडे एकही खाट तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. ७५ किलोच्या माणसासाठी खाट असेल तर १५० किलोच्या गाठी तिच्यावर रात्रभर ठेवतो. सकाळी शिवणीजवळ टाक्यांची भोके लांबलेली दिसली किंवा नळी वाकडी झाली तर माल परत कारखान्यात जातो. मग एक धट्टाकट्टा माणूस तिच्यावर दहा वेळा बसतो आणि उठतो. शेवटी दिवा बंद करून एकट्याने खाट उभारून पाहतो. पाच मिनिटांत अंधारात उभी राहिली नाही तर गिऱ्हाईक ती दोनदा वापरून घराच्या माळ्यावर टाकणार.

भाव ठरवताना कापड, नळी आणि मजुरी जशी धरतो तशी या तपासणीची मजुरीही धरावी. कुणी स्वस्त मागितली तर खाट लहान करावी, थैली साधी द्यावी, पण नेफ्याची तिसरी शिवण आणि तिसरी घोडी काढू नये. खाली काय शिवले आहे ते झोपणाऱ्याला दिसत नाही. त्याने डोळे मिटलेले असतात. ते आपल्या भरवशावर मिटलेले असतात, एवढे कारीगराने ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

नाशिकच्या त्या गिऱ्हाईकाला आम्ही दोन वर्षांनी नव्या बांधणीची एक खाट फुकट पाठवली. पैसे नकोत, वापरून सांगा, एवढेच कळवले. दोन महिन्यांनी फोन आला. त्याने पुन्हा बारा खाटा मागितल्या आणि म्हणाला, "पडलेला तोच मुलगा यावर झोपून आला." आम्ही ती मागणी आमच्या उस्तादांच्या हातात दिली. त्यांनी मोजून बारा थाळ्यांइतका दोरा काढून ठेवला आणि मशीनला तेल घालायला बसले.